कटिंग बोर्ड, पोळपाट, विळी: स्वयंपाकघरातल्या लाकडाला कुठलं तेल लावायचं

लाकडी कटिंग बोर्ड घरात आला की थोड्याच दिवसात तो पांढुरका पडायला लागतो, हात फिरवला की खरखरीत लागतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. कोणी सांगतं खोबरेल चोळ, कोणी म्हणतं जवसाचं तेलच खरं, सुतार म्हणतो आणा इकडे मेलामाइन मारून देतो, आणि ऑनलाइन बघायला जावं तर 'फूड ग्रेड वुड ऑइल' म्हणून एवढीशी बाटली भलत्याच किमतीला. मी हे सगळं वाचत, विचारत, लावून बघत बरीच वर्षं काढलीत. घरात सागाचा बोर्ड आहे, आंब्याचा पोळपाट आहे, सासूबाईंची जुनी विळी आहे, आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी लागतं हे हळूहळू कळलं. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

घाईत असाल तर एवढंच वाचा: भाजी चिरायच्या बोर्डाला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन, वरून मधमाशीचं मेण. पोळपाटाला जवळजवळ काहीच नको. विळीचा पाट, लाकडी डाव, सुरीच्या मुठी, शेल्फ याला जवस. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यातलं काहीही कशालाच नको. का आणि कसं, ते खाली.

आणि सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. तेल लावल्याने जंतू मरत नाहीत. तेल लाकडासाठी असतं, म्हणजे पाणी झपकन आत शिरू नये, लाकूड फुगून आणि सुकून तडकू नये यासाठी. अमेरिकेत डीन क्लिव्हर नावाच्या शास्त्रज्ञांच्या टीमने १९९४ साली लाकडी आणि प्लास्टिकच्या बोर्डांवर प्रयोग केले होते, त्यात लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जाऊन नंतर फारसे सापडत नव्हते, उलट प्लास्टिकवर ते टिकून राहत होते, आणि लाकडाला मिनरल ऑइल लावलंय की नाही याने निकालात फार फरक पडला नाही. तेव्हा बोर्ड घासणं आणि वाळवणं हे तेलाच्या आधी येतं, तेल त्याच्यानंतर.

१. लाकडावर आधीच काही लावलंय का ते बघा

ही स्टेप सगळे सोडून देतात. बोर्डवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि पाच-सात मिनिटं थांबा. थेंब आत गेला, खाली गडद डाग दिसला तर लाकूड उघडं आहे, तेल पिणार. थेंब तसाच मोत्यासारखा बसलाय आणि पृष्ठभाग चकचकीत आहे तर त्यावर लॅकर, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यासारखं कडक थर बसवणारं पॉलिश मारलेलं आहे, तिथे कितीही तेल चोळा ते वरच राहणार आणि दुसऱ्या दिवशी बोटांना चिकटणार. तिसरी केस म्हणजे थेंब बसलाय पण चकाकी नाहीये, याचा अर्थ आधीचं तेल-मेण अजून शाबूत आहे, काही करू नका.

चकचकीत थर असलेला ट्रे नुसता चहा न्यायला वापरत असाल तर राहू द्या तसाच. पण ज्यावर सुरी चालते तिथे असा थर नको, कारण सुरीने त्याला चिरा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि वरचे पापुद्रे भाजीत येतात. तो थर पॉलिश पेपरने पूर्ण काढायचा आणि मगच पुढे जायचं. रंगीत लाख चढवलेली लाटणी मिळतात, त्यांचंही तेच, लाखेवर तेल चढत नाही.

लाकूड कुठलं आहे याने पण फरक पडतो. सागात स्वतःचंच तेल असतं म्हणून तो कमी पितो आणि पाण्याला बरा टिकतो, पण त्यात सिलिका असते त्यामुळे सुरीची धार लवकर जाते. शिसम घट्ट, तोही कमी पितो. आंब्याचं लाकूड आणि रबरवूड भसाभसा पितात आणि बुरशी पण यांनाच आधी धरते, त्यामुळे स्वस्तातला बोर्ड असेल तर त्याला जास्त जपावं लागतं. बांबूचा बोर्ड म्हणजे गोंदाने चिकटवलेल्या पट्ट्या, तो थोडंसंच पितो. आणि प्लायवूड किंवा एमडीएफचा 'वुडन' बोर्ड असेल तर तेलाचे पैसे वाचवा.

२. तेल निवडताना एकच प्रश्न विचारा: हे सुकतं का?

सगळा गोंधळ इथे आहे. 'नैसर्गिक की केमिकल', 'खाण्याचं की न खाण्याचं' यावर लोक भांडतात, पण लाकडाच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे. तेल तीन तऱ्हेने वागतं.

पहिली तऱ्हा, सुकणारी तेलं. जवस म्हणजे अळशी, टंग ऑइल (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल), अक्रोडाचं तेल. ही हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होतात. म्हणजे पाण्यासारखी उडून जात नाहीत तर तेलाचंच रूपांतर एका लवचिक पदार्थात होतं. एकदा नीट सुकली की धुतली तरी लगेच जात नाहीत.

दुसरी, कधीच न सुकणारी आणि कधीच खराब न होणारी. यात मुख्य म्हणजे मिनरल ऑइल, आपल्याकडे औषधाच्या दुकानात त्याला लिक्विड पॅराफिन म्हणतात. हे पेट्रोलियमपासून केलेलं, खूप शुद्ध केलेलं तेल, त्याला रंग वास चव काही नाही, वर्षभर राहिलं तरी खवट होत नाही. तोटा एवढाच की ते धुण्याने हळूहळू निघून जातं, परत लावावं लागतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, ना धड सुकणारी ना धड टिकणारी. आपली रोजची खाण्याची बहुतेक तेलं यात येतात. शेंगदाणा, तीळ, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल. ही हवेशी थोडीशी रिअ‍ॅक्ट होतात, पण घट्ट व्हायच्या ऐवजी चिकट होतात आणि खवट वास धरतात. गॅसच्या मागच्या टाइल्सवर जो पिवळा चिकट थर बसतो ना, तोच बोर्डच्या आत बसवायचाय का, असा विचार करा.

थोडं आकड्यात हवं असेल तर तेलाची 'आयोडीन व्हॅल्यू' म्हणून एक मोजमाप असतं, जितकी जास्त तितकं तेल सुकायला बरं. जवसाची साधारण १७० ते २००, करडईची १४० च्या आसपास, सूर्यफुलाची १२० ते १४०, शेंगदाण्याची ८५ ते १००, आणि खोबरेलची जेमतेम १०. खोबरेल त्यामुळे सुकत तर नाहीच, पण खराबही फार सावकाश होतं.

३. घरातल्या बरण्या एकेक करून

शेंगदाणा तेल: नको. वास धरतं, आणि घरात येणाऱ्या कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर उगाच धोका. लाकडी घाण्याचं असलं तरी नको. घाण्याचं तेल खायला उत्तम, पण त्यात गाळ आणि वास जास्त असतो, आणि लाकडाला लावायला हे दोन्ही गुण नाहीत.

सूर्यफूल, करडई: करडईचं तेल सुकण्याच्या अगदी जवळ पोचतं, जुन्या काळी ते उकळून उकळून रोगण करायचे. पण आपल्याला पिशवीत मिळतं ते रिफाइंड, त्यात बऱ्याचदा खराब होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट घातलेले असतात, म्हणजे जी गोष्ट आपल्याला व्हायला हवीय तीच थांबवलेली असते. सोडून द्या.

खोबरेल: यावर मी जरा मवाळ आहे. त्यातली जवळपास ९० टक्के फॅट सॅच्युरेटेड असते म्हणून ते बाकी तेलांपेक्षा खूप टिकतं, आणि कोकणात, गोव्यात पिढ्यानपिढ्या लाकडाला तेच चोळत आलेत. रोज वापर आणि रोज धुणं असेल तर चालून जातं. पण साधारण २४-२५ अंशाच्या खाली ते थिजतं, त्यामुळे पुण्या-नाशकाच्या थंडीत बोर्डवर पांढरट थर दिसतो, आणि बोर्ड कपाटात महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर वास येतोच. लावायचंच असेल तर खाण्याचं, रिफाइंड, बिनवासाचं घ्या. सुगंधी हेअर ऑइल अजिबात नको, त्यात काय काय असतं ते बाटलीमागे वाचा.

एरंडेल: धान्याला, तुरीच्या डाळीला आपण एरंडेलाचा हात लावतो त्यामुळे हे चालेल असं वाटतं. पण फार दाट, लाकडात शिरत नाही आणि चिकटपणा जात नाही.

साजूक तूप: विचारणारे असतात म्हणून लिहिलं. नाही. मुंग्या येतील.

४. बाजारातून काय आणायचं आणि कुठे फसायला होतं

यादी आधी देते:

- लिक्विड पॅराफिन आयपी, एक बाटली
- मधमाशीचं मेण, शंभर ग्रॅम पुष्कळ झालं
- जवसाचं तेल, खाण्याचं, लहान बाटली (विळी, डाव वगैरे करणार असाल तरच)
- पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२० नंबरचे, आणि एक ३२० असला तर छान
- जुन्या सुती बनियनचे किंवा साडीचे तुकडे, चार-पाच
- एक जुनी काचेची बरणी आणि एक पातेलं, ज्यात परत स्वयंपाक नाही केला तरी चालेल असं

मेडिकलमध्ये 'लिक्विड पॅराफिन' असंच मागा आणि बाटलीवर आयपी लिहिलंय ना बघा, आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाप्रमाणे शुद्ध. ते बद्धकोष्ठतेवर पोटात घ्यायला देतात म्हणून अन्नाच्या संपर्कात चालतं. दुकानदार 'कशाला हवंय' विचारतो, बिनधास्त सांगा लाकडाला. पण एक लक्षात ठेवा, पोट साफ होण्याचं दुधासारखं पांढरं औषध मिळतं त्यातही लिक्विड पॅराफिन असतं पण सोबत मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि गोडवा असतो, ते नको. आपल्याला पाण्यासारखं पारदर्शक हवंय. लाइट आणि हेवी असे दोन प्रकार असतात, लाइट पटकन शिरतं, हेवी जरा जास्त टिकतं, जे मिळेल ते घ्या. बेबी ऑइल पण मूळ हेच असतं पण सुगंध घातलेला असतो, तेही नको. आणि शिवणयंत्राचं तेल दिसायला तसंच असलं तरी ते खाण्यायोग्य शुद्ध नसतं.

दुसरा सापळा पेंटच्या दुकानात. तिथे जवसाचं तेल मागितलं की 'बेल तेल' देतात, कधी डबल बॉइल्ड लिहिलेलं असतं. ते रंगात मिसळायला असतं, लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज यासारख्या धातूंचे ड्रायर घातलेले असतात, आणि स्वस्त मालात टर्पेंटाइन पण असतं. दाराला, खिडकीला मारा खुशाल, जेवणाच्या वस्तूला नको. क्रिकेटच्या बॅटला लावायला म्हणून जी बाटली मिळते ती रॉ लिनसीडची असते, पण ती खाण्यासाठी पॅक केलेली नसते, त्यामुळे मी तीही टाळते. सरळ खाण्याचं जवस तेल घ्या. विदर्भात ते पूर्वापार स्वयंपाकात वापरतात, नागपूरकडचं कोणी येत असेल तर मागवून घ्या, नाहीतर आता शहरात घाण्यावर पण मिळतं. ताजं घ्या आणि वापरेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा.

तिसरं, 'टीक ऑइल' आणि 'डॅनिश ऑइल'. टीक ऑइल हे सागापासून निघालेलं नसतं, सागाच्या फर्निचरला लावायचं म्हणून ते नाव. दोन्हींच्या डब्यात बहुतेक वेळा तेल, वॉर्निश आणि थिनर यांचं मिश्रण असतं. बागेतल्या बाकाला ठीक. 'टंग ऑइल फिनिश' लिहिलेल्या डब्यांचंही तसंच, शुद्ध टंग ऑइल चांगलं असतं पण 'फिनिश' शब्द आला की लेबल नीट वाचा.

मेण घेताना भेसळ बघा. खऱ्या मेणाला मधाचा मंद वास येतो, रंग पिवळसर, आणि हातात दाबून धरलं की ऊबेने मऊ पडतं. पांढरं, अर्धपारदर्शक, गुळगुळीत आणि वास नसलेलं असेल तर ते मेणबत्तीचं पॅराफिन वॅक्स असण्याची शक्यता जास्त. खादी ग्रामोद्योगच्या दुकानात विचारा, किंवा महाबळेश्वरकडे जाणं झालं तर तिथल्या मधपाळांकडे चौकशी करा, जवळचं मांघर तर 'मधाचं गाव' म्हणूनच जाहीर झालंय २०२२ मध्ये.

५. घासणं आणि सुकवणं

बोर्ड भांड्याच्या साबणाने आणि घासणीने स्वच्छ घासा, उभा करून सावलीत निदान एक पूर्ण दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. ओल्या लाकडात तेल शिरत नाही, आणि वर तेल आत पाणी असं झालं तर आतून काळं पडतं.

मग पॉलिश पेपर. खूप खरखरीत असेल तर १२० पासून, नाहीतर १८० पासून सुरू करा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. १८० झाल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसून घ्या आणि वाळू द्या. असं केल्यावर लाकडाचे बारीक धागे उभे राहतात, ते आता २२० ने कापून टाका. हे आधी केलं नाही तर पहिल्यांदा बोर्ड धुतला की परत खरखर येते आणि सगळे म्हणतात तेल खराब होतं. तेलाचा काही संबंध नसतो. भुसा कोरड्या फडक्याने नीट काढा, सागाचा बारीक भुसा नाकात गेला की शिंका येतात, तोंडाला रुमाल बांधा.

६. लिक्विड पॅराफिन लावणं

यात कौशल्य काही नाही, फक्त धीर लागतो. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, तेल पातळ झालं की लवकर शिरतं. दोन चमचे तेल बोर्डवर ओता आणि फडक्याने किंवा सरळ हाताने पसरवा. पुढची बाजू, मागची बाजू, चारी कडा, हँडलचं भोक, सगळीकडे. फक्त वरच्या बाजूला तेल लावलं की एक बाजू पाणी पिते आणि दुसरी पीत नाही, मग बोर्ड बाक धरतो आणि ओट्यावर डुगडुगतो. कडांना, म्हणजे जिथे लाकडाच्या धाग्यांची टोकं उघडी असतात तिथे, दुप्पट तेल लागतं कारण पाणी पण तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं. भेगा नेहमी तिथूनच सुरू होतात.

रात्रभर उभा ठेवा, खाली जुना पेपर. सकाळी जिथे कोरडे पॅच दिसतील तिथे परत. नवीन बोर्डला असं तीन-चार दिवस रोज करा, आंबा किंवा रबरवूड असेल तर जास्त. तेल प्यायचं थांबलं, वर ओलसर राहायला लागलं की राहिलेलं पुसून घ्या. नंतर पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा, आणि खरं तर कॅलेंडर बघण्यापेक्षा तो पाण्याचा थेंब टाकून बघा.

बोर्डच्या खाली रबराचे पाय असतील तर तेवढं जपून, हे तेल रबराला फुगवतं आणि मऊ करतं. पाय स्क्रूने काढता येत असतील तर काढून ठेवा.

७. वरून मेणाचा हात

नुसतं लिक्विड पॅराफिन दोन-तीन धुण्यात विरळ व्हायला लागतं. त्यात मेण मिसळलं की पाणी वरच अडतं आणि तेल जास्त दिवस टिकतं. प्रमाण वजनाने चारास एक, म्हणजे १०० ग्रॅम तेलाला २५ ग्रॅम मेण. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर मेण थोडं वाढवा, नाहीतर सगळं मऊसूत राहतं.

मेण किसून घ्या. काचेच्या बरणीत तेल आणि मेण घाला, बरणी पाण्याच्या पातेल्यात ठेवा, तळाशी एक फडकं घाला म्हणजे काच तडकणार नाही, आणि मंद गॅसवर पाणी गरम करा. मेण ६२ ते ६५ अंशाला वितळतं, पाणी उकळायची गरजच नाही. थेट गॅसवर कधीही ठेवू नका, मेण पेटतं. वितळलं की ढवळा, गॅस बंद करा, गार होऊ द्या, व्हॅसलीनसारखं घट्ट मलम तयार होईल. हे झाकण लावून वर्षभर राहतं.

बोर्डवर बोटाने थोडंसं घ्या, चोळा, तासभर ठेवा आणि कोरड्या सुती कापडाने जोरात पुसा. कमी लावा. जास्त लावलेलं मेण सुरीने खरवडून निघतं आणि कांद्याबरोबर जातं, विषारी नाहीये पण कशाला.

८. जवस कुठे आणि कसं (आणि चिंध्यांचं काय करायचं)

जिथे गरम लागतं किंवा जिथे सारखं परत लावायला जमणार नाही तिथे जवस. लाकडी डाव, उलथनं उकळत्या आमटीत जातात, तिथे मेण लगेच वितळून निघतं, त्यामुळे मेणाचा उपयोग नाही. विळीच्या पाटालाही जवस छान, त्यावर आपण बसतो किंवा पाय ठेवतो, पाणी आणि नारळाचं दूध सांडत असतं.

एकच नियम, अगदी पातळ हात. फडक्यावर थोडं घ्या, चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी जे जे वर दिसतंय ते सगळं पुसून टाका, लाकूड जवळजवळ कोरडं वाटलं पाहिजे. जाड थर दिला तर वरचा पापुद्रा सुकतो आणि आतलं ओलं राहतं, मग ते महिनाभर चिकचिकत बसतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी दुसरा हात, असे तीन-चार हात. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे वस्तू वापरू नका. हे सगळ्यांना जड जातं, पण 'हात लावला तर कोरडं' आणि 'आतून पूर्ण सुकलेलं' यात खूप फरक आहे. वास पूर्ण गेला की समजा झालं. जवस लाकूड पिवळसर-तांबूस करतं, आंब्याच्या फिक्या लाकडावर ते उठून दिसतं. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात हे काम हातात घेऊ नका, दमट हवेत सुकणं लांबतं आणि तेवढ्यात बुरशी बसते. मार्च-एप्रिल उत्तम.

आता महत्त्वाचं. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. तेल लागलेलं फडकं चुरगाळून डस्टबिनमध्ये किंवा सिंकखाली टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासात फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, काडी लावावी लागत नाही. ही अफवा नाही, जगभर सुतारकामाच्या जागांना अशा आगी लागलेल्या आहेत. फडकी एकेक करून पसरून बाहेर दोरीवर वाळत घाला, पूर्ण कडक झाली की मगच कचऱ्यात. किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. घरात कामाला ताई येत असतील तर त्यांनाही सांगून ठेवा, कारण पसरलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात ठेवणं ही आपल्याकडची साधी सवय आहे. लिक्विड पॅराफिनला हा धोका नाही.

९. पोळपाट, काठवट, विळीचं पातं

पोळपाटावर रोज कोरडं पीठ पडतं आणि कोरड्या फडक्याने पुसलं जातं, त्याला पाणी कमी लागतं. नवा आणला की घासून, वाळवून एकदा लिक्विड पॅराफिनचा पातळ हात, रात्रभर ठेवून सकाळी कोरडी कणीक भुरभुरून चोळून पुसून काढा, म्हणजे उरलेलं तेल पिठात निघून जातं. बस. मेण नको, पीठ आणि मेण मिळून मळकट थर जमतो. फक्त पोळपाट उलटा करा आणि ते तीन पाय बघा. पायांची टोकं ओल्या ओट्यावर टेकतात, तिथूनच पाणी चढतं, त्या टोकांना मात्र तेल भरपूर पाजा. लाटण्याच्या दोन्ही टोकांनाही.

काठवटीत भाकरीचं पीठ गरम पाण्याने मळलं जातं, कुठलंही न सुकणारं तेल तिथे पिठात उतरणार. आत काही लावू नका, बाहेरच्या बाजूला आणि काठाला लावा, आणि मळून झालं की लगेच धुऊन भिंतीला टेकवून ठेवा. भरलेलं पाणी आत ठेवून 'भिजू दे जरा' करणं हे काठवटीला सगळ्यात जास्त मारतं.

विळीच्या पात्याला जवस लावू नका, त्याचा थर बसतो. धुऊन, कोरडी करून लिक्विड पॅराफिनचा किंवा खोबरेलचा पुसटसा हात, गंज येत नाही. चिंच, लिंबू, कैरी चिरल्यावर तर लगेच.

१०. पावसाळा, वास, डाग

रोजचं काम छोटं आहे: वापरलं की लगेच धुवा, दोन्ही बाजू ओल्या करा, पुसा, उभं करून ठेवा. सिंकमध्ये बुडवून ठेवणं आणि डिशवॉशर, दोन्ही बंद. मच्छी-चिकनला वेगळा बोर्ड ठेवा. कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका, एका बाजूने सुकून तडकतो, सकाळचं कोवळं ऊन पुरे.

पावसाळ्यात पांढरी बुरशी आलीच तर कोरडी असताना झटकू नका, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, हलका पॉलिश पेपर मारा आणि परत तेल. बुरशी वरवर न राहता आत काळे ठिपके पडले असतील आणि १२० च्या पेपरने पण जात नसतील तर तो बोर्ड अन्नासाठी संपला.

लसूण-कांद्याचा वास असेल तर जाडं मीठ पसरा, अर्ध्या लिंबाने चोळा, दहा मिनिटांनी धुवा. खवट तेलाचा वास मात्र असा जात नाही. आधीच कोणीतरी शेंगदाणा तेल लावून ठेवलेला बोर्ड असेल तर गरम पाणी, साबण आणि बेकिंग सोड्याची पेस्ट दोन-तीनदा, वाळवून पॉलिश पेपर, आणि तरी वास राहिला तर झाडाच्या कुंड्या ठेवायला वापरा.

हळदीच्या डागाला ब्लीच वगैरे नको, उन्हाने हळद आपोआप फिकी पडते, दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात ठेवला की फरक दिसतो. सागावर, बाभळीवर काळी रेघ उमटली असेल तर बहुधा ओली लोखंडी सुरी तशीच ठेवलेली असते, लाकडातल्या टॅनिनची आणि लोखंडाची ती रिअ‍ॅक्शन, लिंबाच्या रसाने बरीच कमी होते.

पट्ट्या जोडलेल्या बोर्डचा सांधा उघडला तर त्यात तेल घालू नका, तेलकट झालेल्या सांध्याला गोंद धरत नाही. कोरडा ठेवा आणि सुताराकडून वॉटरप्रूफ गोंदाने क्लॅम्प लावून चिकटवून घ्या, साधा पांढरा गोंद धुण्यात सुटतो. गोंद पक्का झाल्यावर परत पाचव्या स्टेपपासून.